रावजीची गच्ची

रावजी गवंड्याचा मुलगा सदा, सदाचा मुलगा बाळाजी, आणि बाळाजीची एकुलती एक लेक आवडा. रावजीने दर्याबाग बांधली. सदाने तिच्या पायऱ्या झिजवल्या. बाळाजी तिचे नाव घेत मेला. आवडाबाईने मात्र त्या वास्तूवर डूख धरला, आणि भट्टीतला विस्तव राखेखाली जपावा तसा तो एकोणतीस वर्षे जपला.

मुरुडच्या उत्तरेस, खाडीच्या तोंडाशी कोंडवली बंदर आहे. तिथल्या टेकाडावर चिंतोपंत खोतांनी शके सतराशे चौऱ्याण्णव साली हवा खाण्यासाठी म्हणून दर्याबाग उभारली. पुरुषभर उंचीचे काळ्या पाषाणाचे जोते. त्यावर जांभ्याच्या भिंती. भिंतींना शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, आणि तो असा घोटलेला की समोर उभ्या राहिलेल्या बाईला आपले कुंकू त्यात दिसावे. जोत्याच्या पोटातून खापरी नळ नेलेले होते. खाडीवरचा वारा त्यांतून मधल्या दालनात शिरे आणि वैशाखातही तिथे बसलेल्या माणसाला उपरणे पांघरावेसे वाटे. पुढच्या अंगाला सुपारीची वाडी तीन टप्प्यांनी खाली उतरत गेली होती. रहाटाचे पाणी दगडी पाटातून एका टप्प्यावरून दुसऱ्यावर पडे, आणि शेवटच्या टप्प्यावर ते आडव्या खाचा पाडलेल्या शिळेवरून असे घरंगळे की आंधळ्यालाही पाणी कुठे आहे ते आवाजावरून कळावे.

पण दर्याबागेची खरी ख्याती होती ती गच्चीची. कोकणात छप्पर म्हटले की ते उतरतेच असायचे. ज्या प्रांतात चार महिने आभाळ जमिनीला टेकलेले असते तिथे सपाट गच्ची बांधायला निघणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. रावजीने ते वेड केले. सागवानी तुळयांवर विटांचा थर, त्यावर चुना. चुन्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर आणि भिजवलेला हिरडा. चाळीस बायका एकवीस दिवस ती गच्ची लाकडी थाप्यांनी चोपत होत्या. बाविसाव्या दिवशी रावजीने अंगठ्याचे नख तिच्यावर ओढून पाहिले, आणि नखच झिजले.

मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी चिंतोपंतांना हसून सांगितले की पहिल्याच पावसात ही गच्ची तुमच्या पंक्तीला पाणी वाढेल. चिंतोपंत मनातून चरकले. त्यांनी रावजीची हत्यारे तारण ठेवून घेतली : थापी, दोरीला गोळा बांधलेला ओळंबा, काटकोन पाहायचा गुण्या आणि दगड घडवायची टाकी. एक पावसाळा कोरडा गेला तर मानाच्या पागोट्यासह परत, असा शब्द दिला. पावसाळा गेला. थेंब पडला नाही. गवंडी हत्यारांची पूजा करतात त्या खंडेनवमीच्या दिवशी रावजी नवे धोतर नेसून आपली हत्यारे मागायला गेला. दालनात तेच पाहुणे बसले होते. हत्यारे भिंतीवर, वाघाच्या कातड्याशेजारी, चार खिळ्यांवर टांगलेली होती.

"ही तुला दिली तर तू उद्या दुसऱ्याकडे अशी गच्ची बांधशील," चिंतोपंत म्हणाले. "ती इथेच राहू देत. गच्ची गळेल तेव्हा मला गवंडी लागेलच. त्या दिवशी ये आणि घेऊन जा. खोताचा शब्द आहे."

पाहुणे पोट धरून हसले. रावजीला संताप आवरला नाही, आणि संतापात त्याने जी चूक केली ती एखादा गवंडीच करू जाणे. ग्रामदेवतेच्या दिशेने हात करून तो बोलून गेला, की ही हत्यारे हाती आल्याखेरीज माझ्या वंशात कुणी दुसरी हाती धरणार नाही. खोताने आपला शब्द दिला होता आणि गवंड्याने आपला. त्या दोन शब्दांत रावजीचे अख्खे घराणे चिणले गेले. गच्ची जितकी चांगली बांधलेली, तितका अपमान लांबणार. आणि रावजीने ती फार चांगली बांधली होती.

गवंड्यांचे भट्टीवाले झाले. ज्यांनी भिंती उभ्या करायच्या ते खाडीकाठी शिंपले भाजून दुसऱ्यांच्या भिंतींसाठी चुना विकू लागले. दर खंडेनवमीला मात्र घरातल्या कर्त्याने दर्याबागेत जायचे, भिंतीवरच्या हत्यारांना हळदकुंकू लावायचे, वर छताकडे पाहायचे आणि गावासमोर म्हणायचे, "गळत नाही." मग खोताने हसायचे आणि कर्त्याने रिकाम्या हाताने परतायचे. अशी रीतच पडली. कोंडवलीत न घडणाऱ्या गोष्टीला "रावजीची गच्ची गळंल तवा" असे म्हणू लागले. मुलीच्या लग्नाला होकार येईना की म्हणत, रावजीची गच्ची गळंल तवा. आवडाच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा वराकडच्या एका बाईने ते म्हटले होते.

बाळाजी अंथरुणाला खिळला तेव्हा आवडाबाई तिशीची होती, विधवा होती आणि माहेरी परतून भट्टी पाहत होती. बापाने मरताना एकच मागितले, की एकदा थापी हातात धरू दे. ती दर्याबागेत गेली. त्या वेळी खोतपण चिंतोपंतांच्या मुलाकडे होते. पण तो मुंबईस गेलेला, आणि पडवीत झोपाळ्यावर त्याचा बावीस वर्षांचा मुलगा अनंतराव बसला होता. घटकाभरासाठी थापी द्या, जामीन म्हणून मी इथे बसून राहते, असे तिने सांगितले. अनंतरावाने पायाने झोपाळ्याला झोका दिला.

"गच्ची गळली का गं, आवडे?"

त्याने पुन्हा तेच विचारले. तिच्या तोंडून उत्तर ऐकल्याशिवाय त्याला सोडायचेच नव्हते. शेवटी ती म्हणाली, "न्हाय गळली." "मग?" असे म्हणून तो हसला. ती परतली तोवर बाळाजीची मूठ मिटलेली होती, आणि त्या मुठीत काही नव्हते.

त्या वर्षापासून खंडेनवमीला आवडाबाई जाऊ लागली. बाई माणसाने ही रीत चालवू नये असे चारचौघांनी सुचवून पाहिले. ज्याला उणेपणा वाटत असेल त्याने खुशाल डोळे मिटून घ्यावेत, असे तिने त्यांना सांगितले. मागणे थांबले की येणे बुडते, हे ती जाणून होती. हळदकुंकू लावून ती मान वर करी आणि तुळयांमधल्या चुन्याच्या एकेका पट्टीवरून नजर फिरवी. एकोणतीस वर्षांत तिला ते छत तळहातासारखे पाठ झाले. तिच्या मनात तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी उठत : गळू दे, आणि गळू नको.

मधल्या काळात राज्य बदलले. जंजिरा संस्थान कुलाबा जिल्ह्यात आले, खोती गेली, कुळांच्या जमिनी कुळांच्या झाल्या. अनंतरावांकडे दर्याबाग तेवढी उरली, आणि तिच्यात राहण्याइतका रुबाब उरला नाही.

एकोणीसशे बासष्ट सालच्या मार्गशीर्षात मुंबईच्या एका शेटजींचा माणूस भट्टीवर आला. जुन्या चुन्याची जाड गच्ची फोडायची तर पहार चालेल की सुरुंग लावावा लागेल, हे त्याला चुना जाणणाऱ्या माणसाकडून हवे होते. बोलता बोलता सगळे बाहेर पडले. शेटजी दर्याबाग विकत घेणार, सागवान आणि पाषाण काढून नेणार, आणि टेकाड सपाट करून तिथे मुंबईकरांसाठी उपाहारगृह काढणार. आवडाबाईने त्याला पाणी दिले आणि सांगितले, की ती गच्ची फोडायचे हत्यार अजून घडवलेले नाही.

तो गेल्यावर तिची सून शकू आनंदाने म्हणाली, "पाडू देत की, सासूबाय. आपला वैरीच पडतोय."

"खुळी हायेस," आवडाबाई म्हणाली. "पडली, का गळायची राहिली. आन गळली न्हाय तर हत्यारं कशी सुटायची? माझ्या पणज्याचं काम मातीत जाईल, आन अपमान तेवढा मागं उरंल. ती वास्तू हुबी ऱ्हायला पायजे. माझं मागणं तिच्या डोस्क्यावर हाय."

नजमुद्दीन तांडेल हे तिचे जुने गिऱ्हाईक. त्याच्या मचव्याच्या तळाला लावायला लागणारा चुना तिच्याच भट्टीतून जाई. त्या हंगामात पुरातत्त्व खात्याचे एक अधिकारी जंजिऱ्याच्या किल्ल्याची मापे घेत होते आणि त्यांची ने-आण नजमुद्दीनच्या मचव्यातून होत असे. आवडाबाईने त्याला विचारले, की हा साहेब जुन्या इमारती मोजतो तर त्यांना वाचवतोही का.

"वाचवतो तर," नजमुद्दीन म्हणाला. "सरकारची पाटी लागली का मालकाला खिळा मारायचा झाला तरी अर्जी करावी लागते. खुदा कसम, माझ्या घराला लागली तर मी बायको-पोरं घेऊन मचव्यात ऱ्हायला जाईन."

आवडाबाईला हसू आले. ते कित्येक महिन्यांत पहिलेच होते.

दुसऱ्या दिवशी ती नऊवारी लुगड्याचा पदर खोचून मचव्यात बसली, आणि तिने साहेबांना दर्याबाग खाडीतून दाखवली. साहेब चाळिशीचे, चष्मा लावणारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. सपाट गच्ची पाहून ते उभे राहिले, आणि मचवा हलताच पुन्हा बसले. ही किती वर्षे उभी आहे, असे त्यांनी विचारले. तिने नव्वद पावसाळे सांगितले. त्यांना ते खरे वाटले नाही, आणि खरे न वाटल्यामुळेच ते पाहायला गेले.

अनंतरावांनी आधी त्यांना चहा पाजला, वाडी दाखवली, आजोबांच्या रसिकतेचे गोडवे गायले. साहेबांनी खापरी नळ पाहिले, पाट पाहिला, शिळेवरून उतरणारे पाणी ऐकले आणि गच्चीवर चढून तासभर बसले. पावसाळ्याच्या तोंडाशी फाटकावर सरकारी सूचना चिकटली : ही वास्तू तिच्या बागेसह संरक्षित करण्याचा सरकारचा मानस असून कुणाची हरकत असल्यास दोन महिन्यांत लेखी कळवावी. शेटजींनी आपला विसार परत मागितला. अनंतरावांनी मुदतीच्या शेवटच्या दिवशी हरकत धाडली. तिच्यात लिहिले होते, की इमारत जीर्ण झाली आहे, राहण्यास धोक्याची आहे, आणि तिची जी गच्ची अपूर्व म्हणून सांगतात ती जागोजाग गळते.

नजमुद्दीनने ही बातमी भट्टीवर आणली तेव्हा आवडाबाई शिंपल्यांचा थर लावत होती. हातातली टोपली तिने खाली ठेवली. "काय म्हनाला? पुन्ना सांग." त्याने पुन्हा सांगितले. मग तिने ते तिसऱ्यांदा सांगायला लावले आणि उन्हात डोळे मिटून ऐकले.

चौकशी जागेवरच व्हायची होती, आश्विनात. त्याच्या आठवडाभर आधी शकू रंगू वाणीणीच्या दुकानातून तेल घेऊन आली आणि सहज म्हणाली, की खोतांचा गडी चंदर शेरभर कात घेऊन गेला. खोतांना दात उरलेत किती आणि ते विडे खाणार किती, म्हणून रंगू हसत होती. आवडाबाईने ते ऐकले आणि मनात ठेवले. त्याचा अर्थ तिला दर्याबागेच्या दालनात पाय ठेवल्यावर लागला.

त्या दिवशी दालनात साहेब होते, तलाठी होते, गावचे पाच पंच होते आणि दारांतून, खिडक्यांतून उरलेले गाव होते. आवडाबाईने सवयीने मान वर केली. दसऱ्यासाठी छताला नुकताच चुना लावलेला होता, आणि तिसऱ्या व चौथ्या तुळईच्या मधल्या पट्टीवर तीन मोठे डाग होते. पाणी मुरलेल्या चुन्याला कडेने मिठाचा पांढरा लोणा फुटतो आणि डाग मळकट पिवळा राहतो, हे भट्टीवरच्या पोरालाही ठाऊक असते. हे डाग लाल होते. विडा रंगलेल्या तोंडासारखे लाल. ज्याने जन्मात चुन्याला हात लावला नाही त्यानेच हे करावे. काताचे पाणी तपकिरी असते म्हणून त्याने ते शिंपडले, आणि ताज्या चुन्यावर पडल्यावर ते काय होते याचा विचार केला नाही, तोही सुपारीच्या वाडीत जन्म काढून.

ती गप्प राहिली. एकोणतीस वर्षे गप्प राहिलेल्या बाईला अर्धा तास जड नव्हता.

साहेबांनी हरकत वाचून दाखवली आणि अनंतरावांना विचारले, की हे आपले म्हणणे कायम आहे का. अनंतरावांनी छताकडे बोट केले. यंदाच्या पावसात इथे घमेली ठेवावी लागली, असे ते म्हणाले. पंचांनी माना वर केल्या. साहेबांनी कुणाला काही सांगायचे आहे का असे विचारल्यावर आवडाबाई पुढे आली.

"खोत, गच्ची गळते?"

अनंतराव साहेबांकडे पाहत गोड आवाजात म्हणाले, "गळते, आवडाबाई. सांगितलं ना."

"मला सांगा. माझ्याकडं बघून."

"गळते."

"पंचांम्होरं, देवाला स्मरून?"

"देवाला स्मरून सांगतो, गळते!" अनंतरावांचा आवाज चढला. "किती वेळा सांगू?"

"तीनदा झालं. पुरे," ती म्हणाली, आणि पंचांकडे वळली. "ऐकलंत तुमी. मग आता माझ्या पणज्याची हत्यारं."

साहेबांना काहीच उमजेना, तेव्हा सगळ्यांत वयस्क पंच दादू पाटील यांनी त्यांना नव्वद वर्षांची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. गावात ती कुणालाच नव्याने सांगावी लागत नव्हती. आपण कुठे पाय ठेवला ते अनंतरावांना आत्ता कळत होते. गच्ची गळत नाही म्हणावे तर घर सरकारच्या पाटीखाली जाते आणि शेटजी हातचे जातात. गळते म्हणावे तर ही बाई समोर उभी. मग त्यांनी भिंतीवरच्या त्या गंजलेल्या चार वस्तूंकडे पाहिले, त्यांची आणि शेटजींच्या सौद्याची तुलना केली, आणि त्यांना हसू फुटले.

"एवढंच ना? घेऊन जा. भंगार आहे ते."

"मी न्हाय काढायची," आवडाबाई म्हणाली. "ज्या घराच्या हातांनी टांगली त्याच घराच्या हातांनी उतरायला पायजेत. आन सायबांनी लिवून घ्यावं, का गच्ची गळते म्हनून खोतांनी आपल्या आज्याच्या शब्दापरमानं हत्यारं परत दिली. खाली खोतांची सही."

साहेबांनी लिहिले. आता सौदा अडायला नको म्हणून अनंतरावांनी घाईनेच सही केली. चंदरने चौरंग आणला. खोत त्यावर चढले, आणि वाघाच्या कातड्याला खांदा घासत त्यांनी एकेक हत्यार उतरवले. ओळंब्याची दोरी हात लागताच तुटली, आणि गोळा घरंगळत दारापर्यंत गेला. तो कुणी उचलेना, तेव्हा आवडाबाईने खोतांकडे नुसते पाहिले. अनंतराव चौरंगावरून उतरले, गावाच्या पायांशी वाकले आणि गोळा आणून त्यांनी तिच्या पदरात घातला.

मगच ती साहेबांकडे वळली. "आता माझी साक्ष घ्या. गच्ची न्हाय गळत."

अनंतराव ओरडले, की ही बाई वेडी आहे. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले. इतका वेळ मान खाली घालून लिहिणारे ते गृहस्थ प्रथमच तिच्याकडे निरखून पाहत होते.

"हे सिद्ध कसे करणार?"

"पाण्यानं," ती म्हणाली. "आमच्यात तसंच पारखतात. पन्हाळी चिखलानं बुजवा, घोटाभर पाणी भरा आन तीन दिस खाली बसून ऱ्हावा."

रहाटाला बैल जुंपले. कोंडवलीच्या बायकांनी हंडे-कळशा लावल्या. ज्यांच्या आज्यांनी ती गच्ची चोपली होती त्या बायका ते पाणी वाहत होत्या. तीन दिवस वर आभाळाचा तुकडा पसरावा तसे पाणी पसरले होते, आणि खाली साहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तुळयांमधल्या प्रत्येक पट्टीला कोरडे कागद चिकटवले. तिसऱ्या दिवशी सगळ्या पंचांसमोर त्यांनी एकेक कागद काढून हातात कुस्करला. कागद पापडासारखे कुरकुरले. डाग कसले, असे त्यांनी खोतांना विचारले. अनंतराव पुटपुटले, की आपला समज चुकीचा झाला असावा, जुने काही असेल. साहेबांनी आवडाबाईकडे पाहिले. तिने पदर सारखा केला.

महिन्याभरात हुकूम आला. दर्याबागेच्या फाटकावर निळी पाटी लागली. वास्तूत वा वाडीत कुणी काही पाडू नये, खणू नये, बदलू नये, परवानगीवाचून खिळाही ठोकू नये, असे तीवर लिहिले होते. शेटजी पुन्हा फिरकले नाहीत.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, अनंतराव खोत टेकाड उतरून भट्टीवर आले. खोतांपैकी कुणी त्या वाटेने आजवर खाली आले नव्हते. शकूने पाट मांडला. ते बसले नाहीत.

"हत्यारं परत कर, आवडे. गच्ची गळत नाही हे तूच सिद्ध केलंस. आजोबांचा शब्द गळण्यावर होता. तू फसवून नेलीस."

आवडाबाई भट्टीच्या कडेला बसून ओळंब्याला नवी दोरी ओवत होती. तिने हात थांबवला नाही.

"गळण्यावर मी कुटं नेली? मी तुमच्या शब्दावर नेली. खोताच्या शब्दावर. खाली तुमची सही हाय."

"तो गैरसमज होता, साहेबांनीही मान्य केलं."

"कात गैरसमजानं न्हाय शिंपडत कुनी."

अनंतरावांनी विचारले, की तुला हे केव्हा कळले. आत पाय ठेवला तेव्हाच, असे तिने सांगितले.

"मग त्याच वेळी साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमची एका दिसाची फजिती झाली असती," ती म्हणाली. "आमी नव्वद वर्सं काढली. मला एक दिस पुरायचा न्हाय." तिने दोरीला गाठ मारली आणि प्रथमच मान वर केली. "ऐका, अनंतराव. हत्यारं तुमाला पायजेत? देते. पंचांना बोलवा, सायबांना बोलवा आन त्याच दालनात म्हना, का मी देवाला स्मरून तीनदा खोटं बोललो, छताला कात शिंपडला आन खोट्याखाली सही केली. मी सोता येऊन त्याच चार खिळ्यांवर टांगून जाईन. माझ्या बापाची आन."

भट्टीचा धूर खाडीकडे वळत होता. जे घर विकता येत नव्हते, पाडता येत नव्हते, जिथे स्वतःच्या भिंतीत खिळा मारायला सरकारचा कागद लागत होता, तिथे अनंतरावांना उरलेला जन्म काढायचा होता. आणि त्या घराच्या दालनात चार रिकामे खिळे कायम राहणार होते, कारण ते उपटायलाही आता परवानगी लागणार होती. खोटे बोललो असे म्हटले तर घराण्याचा शब्द जात होता, न म्हटले तर तो शब्द कायमचा आवडाबाईच्या पदरात राहत होता.

"बोला," ती म्हणाली. "मी तुमाला दोनदा न्हाय विचारायची. मला तिशीत दोनदा विचारलं हुतं."

अनंतराव वळले आणि टेकाड चढू लागले. चढावर त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. ते फाटकाच्या पलीकडे जाईपर्यंत आवडाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत दया नव्हती, आणि ती असावी असे तिला वाटलेही नाही.

मग तिने शकूकडून चुन्याचे घमेले मागून घेतले. भट्टीच्या तोंडाची भिंत पावसात ढासळली होती. आवडाबाईने थापी उचलली. तिची मूठ दुसऱ्याच कुणाच्या हाताने झिजलेली होती, तरी ती तिच्या हातात बसली. पहिला थर वाकडा गेला. तिने तो खरवडून काढला, ओळंबा धरला आणि दुसरा सरळ लावला. रावजीचे घेणे त्या दुपारी पुरते फिटले.